आप्पांच्या दुखवट्याचे वाक्य

डॉक्टरांनी गुरुबसप्पा आडत्यांची आशा सोडली, तेव्हा सगळ्यात आधी धावपळ उडाली ती शाळेत. आप्पा शाळेच्या कमिटीचे चेअरमन होते. शाळेची इमारत त्यांच्या शेंगांच्या आडतीवर उभी राहिली होती, आणि शाळेत कुणाला ठेवायचे, कुणाला घालवायचे हे ते दुकानातल्या गादीवर लोडाला टेकून ठरवीत. असा माणूस जाणार म्हटल्यावर दुखवटाही तसाच जंगी व्हायला हवा होता. आप्पांचा पुतण्या चनबसप्पा कमिटीचा सेक्रेटरी. त्याने भर दुपारी, वर्ग चालू असताना कुंडलिक मास्तरांना ऑफिसात बोलावून घेतले.

"मास्तर, आप्पांचं काय खरं न्हाई आता," तो म्हणाला. "आज का उद्या, एवढंच. ठराव तयार पायजे."

"कसला ठराव?"

"दुखवट्याचा की. इंग्रजीत. कलेक्टरसायबाकडं जाणार, पुण्याच्या पेपरात जाणार. आपल्या शाळेची अब्रू हाय."

त्या काळी सोलापुरात दुखवट्याचा ठराव इंग्रजीत करण्याची रीत होती, आणि तो सबंध ठराव एकाच वाक्यात बसवावा लागे. वाक्य जितके लांब, तितका मेलेला माणूस मोठा, असा हिशेब होता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेचे चेअरमन वारले, तेव्हा त्यांचा ठराव वाचता वाचता तिथल्या मास्तरांना मध्येच थांबून पाणी प्यावे लागले होते. ती गोष्ट पेठेत अजून कौतुकाने सांगत. चनबसप्पाला तेच पाणी खुपत होते.

हे काम कुंडलिक मास्तरांकडेच येणार हे उघड होते. मास्तर मोहोळकडच्या कुणब्याचे पोर. इंटरच्या परीक्षेत नापास झालेले, पण इंग्रजी वाक्याचे पृथक्करण म्हणजे त्यांच्या हातचा मळ. कसलेही गुंतागुंतीचे वाक्य फळ्यावर टाका, त्यातले मुख्य वाक्य कुठले, गौण वाक्ये कुठली, कोणते कुणाच्या आधाराने उभे आहे, हे मास्तर खडूने उकलून दाखवीत. वर्गातल्या पोरांना त्यातले ओ की ठो कळत नसे. ती गप्प बसत, आणि आपल्याला चांगले शिकवता येते असे मास्तरांना वाटे.

"ठराव झकास झाला की यंदाच्या मे म्हैन्यात तुमी गावाकडं जायचं काम न्हाई," चनबसप्पा आवाज खाली आणून म्हणाला. "कायमच करून टाकू तुमाला."

मास्तर शाळेत तात्पुरते होते, आणि असे किती वर्षे आहेत हे त्यांनी मोजणे सोडून दिले होते. दरवर्षी उन्हाळ्याची सुटी लागायच्या आदल्या दिवशी त्यांची नोकरी जाई, आणि जूनमध्ये आप्पांची मर्जी झाली की पुन्हा लागे. मधले दिवस बिऱ्हाड आवरून मोहोळला थोरल्या भावाकडे काढायचे. तिथे भावजय ताटात भाकरी टाकताना दर वेळी विचारी, "यंदा तरी बोलवतील न्हवं?" मास्तरांच्या पत्नी मथुराबाई खाली मान घालून जेवत. त्या भाकरीपुढे मास्तरांना कुठल्याही चेअरमनचे मरण फार मोठे वाटेना.

दिवेलागणीला मास्तर कागद घेऊन बसले. मथुराबाईंना कळले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"जित्या माणसाच्या मरणाचं लिवायचं? हात झडत्याल तुमचे."

"झालं की कायम करणार हायत."

मथुराबाईंनी चिमणीची वात वर केली आणि ती मास्तरांच्या कागदाजवळ सरकवली. "मग नीट लिवा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी जीव ओतून लिहिले. पहिल्या ओळीत 'ही सभा' असा कर्ता उभा केला आणि त्याच्यामागून गौण वाक्यांची रांग लावली. ज्यांनी दुधनी गावाहून पायी येऊन आडत काढली, ज्यांनी गोरगरिबांना सढळ हाताने दिले, ज्यांची वाणी मधुर होती, असे सगळे. शाळेत बातमी फुटली तसा एकेक जण आपापले वाक्य घेऊन येऊ लागला. 'ज्यांच्या दूरदृष्टीमुळे शाळेला हल्लीचे विद्वान हेडमास्तर लाभले,' हे हेडमास्तरांनी स्वतः सांगून घालून घेतले. शंकरप्पा कंत्राटदार कमिटीचा सभासद. त्याने 'ज्यांनी बांधलेल्या इमारतीचा गिलावा अद्याप जसाच्या तसा आहे,' असे घालायला लावले. हा गिलावा दर पावसाळ्यात पोरांच्या डोक्यावर पडे. चनबसप्पाने सांगितले, "पुतण्यानं अखेरपर्यंत सेवा केली, ते ठळक येऊ द्या." मास्तरांनी कुणाला नाही म्हटले नाही. व्याकरणात जागा होती. सभा पहिल्या कागदाच्या डोक्यावर उभी राहिली, आणि तिला दुःख झाले ते दुसऱ्या कागदाच्या तळाशी.

हेडमास्तरांनी वाचून बघितले. मध्यावर त्यांना धाप लागली. चनबसप्पा खूश झाला.

आता सगळे तयार होते, आणि आप्पा काही जाईनात. रोज सकाळी शाळेत येताना मास्तर आडत दुकानावरून वळसा घेऊन येत आणि दारातल्या हमालाला विचारीत, "कसं हाय आप्पांचं?" हमाल म्हणे, "हायत तसंच." हे ऐकून आपल्या मनात काय येते ते मास्तरांना कळत होते, आणि त्याची त्यांना शरम वाटत होती. तरी दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळत. पुढे डॉक्टरांनी आप्पांच्या पोटातले पाणी काढले. त्यांना जरा हुशारी आली आणि ते उशीला टेकून पेज पिऊ लागले. मे महिना जवळ येत होता.

अशात शंकरप्पा त्यांना बघायला गेला. आजाऱ्याशी काय बोलावे हे त्याला कधी कळत नसे. थोडा वेळ इकडे तिकडे बघून तो म्हणाला, "आप्पा, तुमी कशाची काळजी करू नगा. ठराव लई मोठा झालाय."

"कसला ठराव?" आप्पांनी विचारले.

त्याच दुपारी मास्तरांना बोलावणे आले. ठराव घेऊन या, असा निरोप होता. चनबसप्पाने हात झटकले. "मी तुमाला तसं लिवा म्हणलोच न्हाई," तो म्हणाला आणि बाजारात निघून गेला.

आप्पा दुकानाच्या माडीवरच्या खोलीत पडून होते. अंगावरचे मांस झडले होते आणि पोट तेवढे वर आले होते. पाय सुजून चकचकीत झाले होते. खोलीत औषधाचा आणि न धुतलेल्या अंथरुणाचा वास कोंडला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे मात्र कुणीतरी नीट ओढलेले. पायथ्याशी त्यांची बायको गिरिजाबाई पंखा हलवीत बसली होती.

"बसा मास्तर," आप्पा म्हणाले. "माझं मरण वाचून दावा."

मास्तरांनी खाली बघत सगळे वाचले. आप्पांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "आवाज चांगला हाय. आता ह्यात मी कुटं हाय ते सांगा."

"सगळ्यात तुमीच हाय की, आप्पा."

"तसं नगं. पोरास्नी शिकवता न्हवं, मुख्य वाक्य, गौण वाक्य? तसं फोडून सांगा."

मास्तरांचा नाइलाज झाला. त्यांनी सांगितले की मुख्य वाक्य एकच, 'ही सभा दुःख प्रकट करते.' बाकी सारी गौण, त्याच्या आधाराने लोंबणारी.

"आन मी?"

"तुमी गौण वाक्यात, आप्पा."

पंखा थांबला.

"मरणार मी," आप्पा म्हणाले, "आन मुख्य काम सभेचं?"

"व्याकरण तसं हाय, आप्पा. मेलेल्या माणसाला ठराव करता येत न्हाई."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. रागावले नाहीत, ह्याचे मास्तरांना नवल वाटले. "दुकानात मी पोत्यात हात घालून मूठभर शेंगा काढत हुतो आन फोडून बगत हुतो. दाणा हाय का नुसतं टरफल. तसं बगू आपण. एकेक काढा."

तिथून पुढे रोज शाळा सुटली की मास्तर माडीवर जाऊ लागले. दिवसाला एक-दोन वाक्ये होत. तेवढ्यातच आप्पा दमत. मास्तर गौण वाक्य वाचत, ते कुणाला चिकटले आहे ते सांगत, मराठीत अर्थ सांगत, आणि आप्पा ते फोडून बघत.

"ज्यांनी गोरगरिबांना सढळ हाताने दिले," मास्तर म्हणाले.

"कवा?" आप्पांनी गिरिजाबाईंना विचारले. गिरिजाबाईंनी आठवून बघितले. त्यांना काही आठवले नाही. "काढा," आप्पा म्हणाले.

"ज्यांची वाणी मधुर होती."

ह्यावर गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पांनी तिकडे बघून न बघितल्यासारखे केले आणि हेही काढायला सांगितले.

"ज्यांची सेवा त्यांच्या पुतण्याने अखेरपर्यंत केली."

"चनबसू ह्या खोलीत आलता का गं?"

"आलता की," गिरिजाबाई म्हणाल्या. "फोटोवाल्याला घिऊन आलता. हाराचं माप बगायला."

मास्तरांनी ते वाक्य खोडले. खोडताना आपलीच नोकरी खोडतोय असे त्यांना वाटत होते, पण आप्पा समोर बघत होते. दुधनीहून पायी आलो ह्या वाक्याला आप्पांनी हात लावू दिला नाही. "त्यात दाणा हाय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पुढे काही न करता वाटेत तळ्याकाठी कुठे झोपलो, कुणी ताक पाजले, हेच सांगत राहिले. घरी जाताना मास्तरांच्या लक्षात आले की इतक्या वर्षांत इतके कान देऊन आपल्याकडून कुणी शिकले नव्हते. 'हे वाक्य त्याला का चिकटलं, ह्याला का न्हाई?' असे वर्गातल्या एकाही पोराने कधी विचारले नव्हते.

इकडे चनबसप्पाचा धीर सुटत चालला होता. त्याने मास्तरांना फाटकाशी गाठले.

"तुमी असं शिकवत बसला तर म्हातारा कसा जाईल हो? त्यास्नी आता त्यात गोडी लागलीया."

"मग मी काय करू?"

"उरकून टाका की. मे तोंडावर आलाय. तुमचंबी त्यातच भलं हाय."

मास्तरांना हे कळत होते. पण उरकवत नव्हते. मथुराबाईंनीही सुचवले होते, "मरणारा माणूस डोळ्यापुढं हाय, त्यालाच इचारा की कायमचं." म्हणून एका संध्याकाळी मास्तरांनी धडा संपल्यावर कागदाची घडी करीत, चाचरत विषय काढला.

"आप्पा, माझं जरा कायम करण्याचं बगा."

"कायम?" आप्पा म्हणाले. त्यांनी आपल्या सुजलेल्या पायांकडे बोट केले. "माझ्याकडं बगा मास्तर आन परत म्हणा."

मास्तरांनी कागदाची घडी खिशात घातली.

अखेरच्या धड्याला कागदावर फारसे उरले नव्हते. हेडमास्तर गेले होते, शंकरप्पाचा गिलावा गेला होता. दुधनीचे वाक्य तेवढे होते, आणि आता आप्पांनी तेही काढायला सांगितले. "ते माझं मला ठावं हाय. दुसऱ्याला सांगून काय करायचं?"

"मग राहिलं काय, आप्पा?"

"लिवा. गुरुबसप्पा मेला." आप्पांनी दम घेतला. "वाईट वाटलं. साकु."

साकु म्हणजे कानडीत पुरे. गिरिजाबाईंनी मान फिरवली. मास्तरांनी पहिले वाक्य इंग्रजीत लिहिले. दुसऱ्यापाशी त्यांचा हात अडला.

"इंग्रजीला कर्ता लागतो, आप्पा. कुणाला वाईट वाटलं ते सांगावं लागतं."

मनातल्या मनात आप्पा एकेकाला पोत्यातून काढून फोडून बघत असावेत.

"ते आता कसं सांगू?" शेवटी ते म्हणाले. "त्या दिशी तुमीच बगा. ज्याला वाटलं आसंल त्याला घाला. कुणालाच न्हाई वाटलं तर ते वाक्य काढून टाका. खोटं नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दुकानाच्या दारात हमालाला विचारले, तेव्हा हमाल म्हणाला, "गेलं." लिंगायतांचे जंगम आले, वाजंत्री आली. आप्पांना बसते करून, फुलांनी सजवून मिरवत नेले आणि समाधी दिली. चनबसप्पा सगळ्यात मोठ्याने रडला. येताना त्याने मास्तरांच्या कानात सांगितले, "मूळचा ठराव हाय न्हवं? तोच वाचायचा. पाणी ठेवून देतो टेबलावर."

दुखवट्याची सभा शाळेच्या हॉलात भरली. आप्पांच्या फोटोला माप घेऊन केलेला हार घातला होता, तरी तो एका बाजूला ओघळत होता आणि चनबसप्पा उठून उठून तो सारखा करीत होता. बाजारपेठेतले व्यापारी पुढे बसले होते. बायकांच्या बाजूला गिरिजाबाईंना धरून आणून बसवले होते. मराठी भाषणे झाली. हेडमास्तरांनी 'शाळा पोरकी झाली' असे म्हटले आणि शंकरप्पाने आढ्याकडे बघत इमारतीची तारीफ केली. मग ठरावासाठी सारी सभा उठून उभी राहिली, कारण दुखवट्याचा ठराव उभ्यानेच ऐकायचा असतो.

मास्तर टेबलापाशी गेले. त्यांच्या खिशात दोन्ही होते, मूळच्या ठरावाची न खोडलेली नक्कलही आणि आप्पांचा ठरावही. मूळचा वाचला की मोहोळची भाकरी कायमची सुटत होती. त्यांनी सभेवर नजर फिरवली. व्यापारी उन्हाकडे बघत होते. हेडमास्तर आपल्या वाक्याची वाट बघत होते. चनबसप्पा हाराकडे बघत होता. गिरिजाबाईंचे डोळे कोरडे होते. समाधीच्या वेळीही त्या रडल्या नव्हत्या. कर्ता काही सापडेना. मग मास्तरांना वाटले की आज शाळा सुटल्यावर आपण कुठे जाणार. त्यांना वाईट वाटत होते. ज्या माणसाने त्यांना दर मे महिन्यात घालवले त्याच्यासाठी, आणि चांगलेच वाईट वाटत होते.

"गुरुबसप्पा इज डेड," मास्तर म्हणाले. "आय ॲम सॉरी."

आणि ते गप्प उभे राहिले.

सभाही उभी राहिली. सगळ्यांना वाटले, वाक्य सुरू व्हायचे आहे. कुंडलिक मास्तरांचे वाक्य लांब असते हे पेठेत सर्वांना ठाऊक होते. हेडमास्तर आपले वाक्य कधी येते म्हणून मान खाली घालून थांबले. शंकरप्पा थांबला. म्हातारे व्यापारी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकीत थांबले. आपण आधी बसलो तर दिसेल, म्हणून कुणी बसेना. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, तरी सभा हलली नाही. रस्त्यावरून जाणारी माणसे खिडकीशी येऊन बघू लागली. असा दुखवटा त्यांनी कधी बघितला नव्हता.

शेवटी बायकांच्या बाजूने गिरिजाबाईंचा आवाज आला. "मास्तर, काय म्हणलासा?"

"आप्पा गेले," मास्तर म्हणाले. "मला वाईट वाटतं."

गिरिजाबाई खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. त्यांच्यामागे सगळी सभा बसली, कारण पाय दुखत होते.

सभा पांगल्यावर चनबसप्पाने मास्तरांना ऑफिसात घेतले आणि दार लोटले.

"माझं नाव कुटं गेलं?"

"आप्पांनी काढलं."

"उद्यापासून येऊ नगा," चनबसप्पा म्हणाला. मास्तर छत्री उचलून निघाले. ते दारापर्यंत गेले तेव्हा तो म्हणाला, "थांबा जरा. ते म्हणलासा, वाईट वाटलं म्हणून. ते खरं?"

"व्हय."

"आप्पांनी तुमाला कायम केलं नव्हतं."

"न्हाई."

"दर मे म्हैन्यात घालवत हुते."

"व्हय."

"तरी वाटलं?"

"वाटलं खरं," मास्तर म्हणाले.

चनबसप्पा खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने विचारले, "माझ्या टायमाला कोण म्हणंल हो, मास्तर?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. हेडमास्तर, शंकरप्पा, पेठेतले व्यापारी. एकही टिकेना. "अजून लई वेळ हाय की तुमाला," ते म्हणाले.

"वेळ हाय म्हणूनच इचारलं." मास्तरांसाठी सभेत ठेवलेले पाणी आता ऑफिसच्या टेबलावर आले होते, ते चनबसप्पाने स्वतःच पिऊन टाकले. "बरं, जूनला या परत. दरसाल जूनला या. तुमाला हितनं कोण काढणार न्हाई."

मास्तरांना वाटले, ऐकण्यात काही चुकले. "म्हंजे कायम?"

"कायम न्हाई," चनबसप्पा घाईने म्हणाला. "आप्पांनी तुमाला कायम केलं न्हाई, तर तुमाला वाईट वाटलं. केलं असतं तर वाटलं असतं का, ते कुणाला ठावं? मी कशाला उगं धोका घिऊ?"

मास्तर घरी आले आणि सगळे सांगितले. मथुराबाईंनी मोहोळच्या प्रवासासाठी भांडी पोत्यात भरता भरता ऐकून घेतले.

"म्हंजे असं किती वर्सं?" त्यांनी विचारले.

"चनबसप्पा जाईस्तवर."

मथुराबाईंनी हातातली परात पोत्यात सारली.

"तब्येत कशी हाय त्यांची?"

"ठणठणीत," मास्तर म्हणाले.